ऐनवेळचे विषय

२० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं आणि त्याच दिवशी पणजीत इफ्फीचं, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचं उद्घाटन. ज्यांनी तारखा ठरवल्या त्यांच्या मनात यवतमाळ जिल्ह्यातला एखादा ग्रामसेवक सिनेमे पाहायला गोव्याला निघेल असं काही आलं नसणार. माझी ड्युटी मतदान अधिकारी म्हणून बाजूच्या तालुक्यात लागली होती. मशीन, पाकिटं, शिक्के, उरलेली शाई, सगळं मोजून साहित्य जमा केल्याची पावती हाती पडली तेव्हा तहसीलबाहेरची चहाची टपरीसुद्धा बंद झाली होती. रजेचा अर्ज मी आधीच टाकून ठेवला होता. कारण लिहिलं होतं, 'घरगुती कामानिमित्त'. सिनेमा पाहण्यासाठी रजा मिळावी, असा अर्ज आजवर कोणा बीडीओ, म्हणजे गटविकास अधिकारी साहेबांच्या टेबलावर गेला असेल असं मला वाटत नाही.

(आमचं पदनाम आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं आहे. गावात तसं कोणीच म्हणत नाही. हाक 'ग्रामसेवक साहेब' अशीच येते, आणि माणूस चिडलेला असला की नुसतंच 'ग्रामसेवक'.)

वर्ध्याहून गोव्याला निघालो. पणजीत एक वर्गमित्र बँकेत आहे, त्याच्याकडे अंग टाकायची सोय होती. आयनॉक्सच्या आवारात रांगेत उभा राहिलो तर रांगेतले निम्मे लोक फोनवर महाराष्ट्राचे निकाल पाहत होते. मला त्यात रस नव्हता असं नाही, पण मतदानाच्या आदल्या रात्री शाळेच्या खोलीत डासांत झोपलेल्या माणसाला निकालापेक्षा झोप प्यारी असते.

त्या रांगेनं मला ज्या सिनेमात नेलं तो बोगदान मुरेशानू या रोमानियन दिग्दर्शकाचा 'द न्यू इयर दॅट नेव्हर केम'. त्याचा हा पहिलाच मोठ्या लांबीचा चित्रपट. त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात ओरिझोन्ती विभागात तो सर्वोत्तम ठरला होता. डिसेंबर १९८९ मधले दोन दिवस आणि सहा माणसांच्या गोष्टी. रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याची सत्ता आता जाणार हे आपल्याला ठाऊक आहे, पडद्यावरच्या कोणालाच नाही. त्यामुळे ते बिचारे शेवटच्या दिवशीही पुढची पंचवीस वर्षं हेच चालणार अशा हिशोबानं वागतात. एका कामगाराला कळतं की आपल्या लहान पोरानं नाताळबाबाला पत्र लिहून टाकलंय, त्यात 'निकू काका मरावा असं बाबांना वाटतं' असं लिहिलंय, आणि पत्र पेटीत पडलेलं आहे. निकू काका म्हणजे निकोलाय चाउशेस्कू. त्या बापाची जी तगमग होते, ती पाहून हसूही येतं आणि हसल्याची लाजही वाटते. दुसरीकडे टीव्हीवर दाखवायचा नववर्षाचा कार्यक्रम आधीच चित्रित होऊन पडलाय, आणि त्यात नेत्याचं गुणगान करणारी नटी देश सोडून पळून गेली आहे. मग तिच्यासारखी दिसणारी दुसरी बाई शोधा, तिला तिथं उभी करा, तेवढा तुकडा नवा घ्या, आणि सगळं जसंच्या तसं दिसलं पाहिजे.

हे पाहताना मी आजूबाजूच्यांपेक्षा जरा जास्तच हसलो असणार, कारण शेजारच्या माणसानं वळून पाहिलं. ऑक्टोबरात आचारसंहिता लागली तेव्हा आमच्या गावातल्या कोनशिला, योजनेचे फलक, बसथांब्यावरची नावं, सगळ्यांवर कागद चिकटवण्याचं काम माझंच होतं. फोटोसकट अहवाल वर पाठवायचा. खळ पातळ झाली होती, वारा सुटला होता, आणि एका फलकावरच्या साहेबांचं तोंड झाकलं की नमस्कार केलेले हात उघडे पडत, हात झाकावे तर कागद वर सरके. शेवटी फोटोपुरते आमचे शिपाई कागदाचा कोपरा धरून फलकामागे उभे राहिले. अहवाल मंजूर झाला. त्या रोमानियन स्टुडिओतल्या लोकांची धावपळ मला परकी कशी वाटणार?

त्यातल्याच एका गोष्टीत एका वयस्क बाईचं घर पाडलं जाणार असतं आणि तिला नव्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये जायचं असतं. बेंबळा धरणातल्या गावांचं पुनर्वसन ज्यानं जवळून पाहिलंय त्याला तो भाग वेगळा समजावून सांगायला नको. चित्रपट संपतो तो राव्हेल या फ्रेंच संगीतकाराच्या 'बोलेरो'वर. ते संगीत एकच चाल धरून हळूहळू चढत जातं, आणि इकडे चाउशेस्कूच्या सभेसाठी जमवलेली गर्दी. २१ डिसेंबरला त्या सभेतच लोकांनी हुर्यो केली, २२ ला तो हेलिकॉप्टरनं पळाला आणि २५ ला त्याला आणि त्याच्या बायकोला गोळ्या घातल्या. सभेला माणसं आणायची म्हणजे काय करावं लागतं हे मी पाहिलेलं असल्यानं मला त्या गर्दीतला प्रत्येक चेहरा कोणाच्या तरी यादीतला वाटला.

इफ्फीत सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा रौप्य मयूर या मुरेशानूलाच मिळाला. सुवर्ण मयूर लिथुआनियाच्या 'टॉक्सिक'ला गेला. समारोपाला मी नव्हतो, रजा संपली होती. परतून ग्रामपंचायतीच्या खुर्चीत बसून फोनवर ती बातमी वाचली, समोर एक जण घराच्या नमुना आठच्या उताऱ्यासाठी उभा होता.

रांगेत भेटलेल्या एका बाईंनी मला सांगितलं होतं, "रोमानियन म्हणजे फार स्लो हो, काहीच घडत नाही." चांगल्या होत्या, त्यांनी मला संत्र्याच्या गोळ्याही दिल्या, म्हणून वाद घातला नाही. पण संथपणाची ही तक्रार मला पटत नाही. माझी सासुरवाडी ब्रह्मपुरीकडची, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली. तिथं धान निघालं की मंडईच्या जत्रेला, शंकरपटाला (बैलांच्या शर्यतींना) नाटक लागतं, रात्री सुरू होतं आणि उजाडेपर्यंत चालतं. थंडीत कानाला मफलर बांधून हजारो माणसं जमिनीवर बसून पाहतात. त्यांना कोणी विचारत नाही, स्लो आहे का म्हणून. माणसाला काय होणार याची उत्सुकता असली की तो बसतो. रोमानियन सिनेमात काय होणार हे बहुतेक वेळा एखाद्या सहीवर, शिक्क्यावर, 'साहेब आहेत का' या प्रश्नावर अडलेलं असतं. ज्याचं काम कधी अडलंच नाही त्याला ते कंटाळवाणं वाटत असेल.

गावी आल्यावर मी बाकीचे रोमानियन सिनेमे एकेक शोधून पाहिले. काही पूर्वी पाहिलेले पुन्हा पाहिले. रात्री लाईट असली तर, आणि नसली तर फोनवर. थोडा इतिहास सांगतो, थोडाच. क्रांतीनंतरच्या दशकात रोमानियातला चित्रपटधंदा इतका खालावला की २००० साली तिथं एकही नवा चित्रपट आला नाही. मग पाचच वर्षांत क्रिस्ती पुयूचा 'द डेथ ऑफ मिस्टर लाझारेस्कू' फ्रान्समधल्या कान महोत्सवात 'अन सर्तें रिगार' विभागाचं पहिलं बक्षीस घेऊन गेला. पुढच्या वर्षी कोर्नेल्यू पोरुम्बोयूला पहिल्या चित्रपटाचा कॅमेरा द'ऑर. त्याच्या पुढच्या, म्हणजे २००७ च्या कानमध्ये क्रिस्तियान मुंजिऊला '४ मंथ्स, ३ वीक्स अँड २ डेज'साठी थेट पाम द'ऑर. १९६६ च्या हुकमानं गर्भपातावर बंदी आली होती, त्या काळातल्या दोन मैत्रिणींची ही गोष्ट. पाहताना पोटात खड्डा पडतो, त्याबद्दल इथं जास्त लिहीत नाही.

मला जास्त आवडली ती या चित्रपटाची नंतरची हकिकत. जगातलं सर्वांत मानाचं बक्षीस तर घेऊन आला, पण दाखवणार कुठं? देशातली बहुतेक थिएटरं बंद पडलेली. मग मुंजिऊच्या माणसांनी प्रोजेक्टर गाडीत टाकला आणि जिथं थिएटर उरलं नव्हतं अशा गावोगावी जाऊन सिनेमा दाखवला. म्हणजे आपली टुरिंग टॉकीजच की! आमच्याकडे यात्रेत तंबू लागायचा, पुढच्या बाजूला बाया, मागच्या बाजूला माणसं, रीळ बदलेपर्यंत शिट्ट्या. मी त्या तंबूत शिरलो ते तंबूचे शेवटचे दिवस होते. आता यात्रेत तंबू येत नाही आणि तालुक्यातल्या टॉकीजचं मंगल कार्यालय झालं. पाम द'ऑर मिळालेल्या माणसावर जी वेळ आली ती नेर-दारव्ह्याच्या टॉकीजमालकाला अगदी सहज समजेल.

'लाझारेस्कू'ची गोष्ट एका ओळीची. मांजरांसोबत एकटा राहणारा म्हातारा, शनिवारी रात्री डोकं आणि पोट दुखतं म्हणून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावतो, आणि रात्रभर या इस्पितळातून त्या इस्पितळात फिरतो. त्या रात्री एका बसचा मोठा अपघात झालेला असतो, म्हणून सगळीकडे गर्दी. तोंडाला दारूचा वास येतो, म्हणून जो तो आधी त्याला बोल लावतो. सोबत असते अ‍ॅम्ब्युलन्समधली मिओआरा, तिचं स्वतःचंही दुखणं आहे, आणि तिला डॉक्टर हाडहूड करतात. आमच्याकडे 'रेफर' हा शब्द शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हातारीलाही येतो, तेव्हा गोष्ट नवी नाही. पण त्यातली एक जागा माझ्या डोक्यातून जात नाही. शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची संमती पाहिजे, कागदावर सही पाहिजे. म्हातारा आता इतका भ्रमिष्ट झालाय की काय बोलतोय ते त्यालाच कळत नाही, आणि सही करायला नाही म्हणतो. डॉक्टर मिओआराला सांगतो, याला जरा फिरवून आण, बेशुद्ध पडला की परत आण, मग सही लागणार नाही.

यात डॉक्टर राक्षस नाही. नियमाप्रमाणे तो बरोबर आहे. मी रोज ज्या कागदांत बसतो त्यांत सगळेच बरोबर असतात. पुयूनं तेवढंच दाखवलं, आवाज न चढवता, पार्श्वसंगीत न वाजवता.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिथं येतो. मुंजिऊचा २०२२ चा 'आर.एम.एन.'. रोमानियातल्या ट्रान्सिल्व्हानिया भागातलं एक गाव. रोमानियन, हंगेरियन, थोडे जर्मन असे मिसळून राहतात. गावातले धट्टेकट्टे लोक कामाला जर्मनीत गेलेले. गावात एक बेकरी आहे, तिला अनुदानाच्या अटीसाठी माणसं वाढवायची आहेत, पण किमान वेतनात गावातलं कोणी यायला तयार नाही. मग बेकरीवाल्या श्रीलंकेहून मजूर आणतात. काम करायला कोणी तयार नव्हतं ते गाव आता चिडतं. यांच्या हातचा पाव आम्ही खाणार नाही. यांना घालवा. २०२० मध्ये दित्रौ नावाच्या गावात खरोखर असं घडलं होतं, त्यावर हा चित्रपट आहे.

आणि मग गावाची सभा. सांस्कृतिक भवनात खुर्च्या मांडलेल्या, मेयर पुढे, पाद्री आहे, डॉक्टर आहे, बेकरीवाल्या आहेत, आणि सगळं गाव. जवळपास सतरा मिनिटं एकच शॉट. कॅमेरा एका जागी, कट नाही. पुढच्या रांगेत नायक त्याच्या जुन्या मैत्रिणीचा हात धरायला पाहतोय, त्याला सभेचं काही पडलेलं नाही. मागून कोणी ओरडतं, बाजूनं कोणी उठतं, एकाचं बोलणं संपायच्या आत तिसरा बोलतो. पावापासून सुरू होतं, रोगराईवर जातं, मग धर्म, मग पगार, मग युरोपियन युनियन, मग तुम्ही हंगेरियन आणि आम्ही रोमानियन, मग शंभर वर्षांपूर्वीचं भांडण. मूळ विषय कुठल्या कुठे राहतो.

मी नोकरीत आजवर जेवढ्या ग्रामसभांना बसलो त्यांत दुसरं काही पाहिलेलं नाही. कायद्यानं वर्षाला किमान चार ग्रामसभा. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतलं जे कमी असेल ते. पहिल्या दिवशी गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. ही पळवाट गावाला तोंडपाठ असते. विषयपत्रिका मी काढतो, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे इथपासून. आणि शेवटचा विषय ठरलेला, 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय'. खरी सभा तिथं असते. त्याच्या आधीचे सगळे विषय लोक सुपारी कातरत ऐकून घेतात.

मागे एका सभेत असाच ऐनवेळचा विषय निघाला. तालुक्याच्या रस्त्यावर कापसाची सरकी काढायची जिनिंग फॅक्टरी आहे. हंगामात तिथं बिहार, मध्य प्रदेशातून मजूर येतात, काही जण आमच्या गावात खोल्या करून राहतात. आमचे पोट्टे तोवर पुण्याला, सुरतला गेलेले असतात. एक जण उठला, "हे बाहेरचे लोकं कायले ठेवले गावात? ठराव घ्या." दुसरा म्हणाला, आमच्या मजुराचा भाव यायच्यामुळं पडला. तिसरा म्हणाला, भाव काय पडला, तू तरी गेला काय एक दिवस जिनिंगवर? पोडावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा एक म्हातारा कोलामीत काही पुटपुटला, त्याचं कोणी भाषांतर केलं नाही. बंजारा तांड्यावरच्या बाया आपसात त्यांच्या गोरमाटीत बोलत होत्या आणि हसत होत्या, कशावर ते मला आजही ठाऊक नाही. मी सांगितलं, असा ठराव ग्रामसभेला घेता येत नाही, कोणी कुठं राहावं हे आपल्या अधिकारात नाही. मग दहा मिनिटं माझ्यावर. ग्रामसेवक बाहेरचा, म्हणून बाहेरच्यांची बाजू घेतो. सरपंच बाईंनी शेवटी विचारलं, "तुमाले तरास कशाचा हाय थे सांगा ना भाऊ." मग निघालं की त्या खोल्यांचा नळ मेन लाईनला जोडलाय आणि खालच्या आळीला पाणी चढत नाही. सगळं महाभारत एका नळावर येऊन थांबलं. व्हॉल्व्ह बसवायचा ठराव झाला.

प्रोसिडिंग बुकात, म्हणजे इतिवृत्ताच्या वहीत, मी काय लिहिलं? 'पाणीपुरवठा विषयावर सविस्तर चर्चा होऊन सदर ठराव सर्वानुमते मंजूर.' खाली सूचक, अनुमोदक. असंच लिहायचं असतं, तसंच शिकवलेलं असतं, आणि दुसरं काही लिहिलं तर ऑडिटवाला विचारेल. कोण काय बोललं, कोणाचा आवाज चढला, कोण बोलायला उठलं आणि परत बसलं, कोलाम म्हातारा काय म्हणाला, त्यातलं काही कागदावर येत नाही. मुंजिऊनं केलं ते एवढंच, की 'सविस्तर चर्चा होऊन' या जागेत जाऊन कॅमेरा ठेवला आणि सतरा मिनिटं हलवला नाही. रोमानियाच्या सिनेमावर मी जे काय वाचलं त्यात वास्तववाद, लाँग टेक, मिनिमलिझम असं बरंच होतं. मला विचाराल तर हे लोक कागद जिथं तयार होतो त्या जागेवर जाऊन बसतात आणि कागदानं जे गाळलं ते गोळा करतात. पोरुम्बोयूच्या 'पोलीस, अ‍ॅडजेक्टिव्ह'मध्ये तर पोलिसानं हातानं लिहिलेला अहवालच पडदाभर दाखवलाय, आपण तो बसून वाचायचा. दिवसभर एका शाळकरी पोराच्या मागे थंडीत फिरल्यावर त्याच्या हाती चार ओळी लागतात. ते पाहून मला माझ्याच दैनंदिनीची आठवण झाली.

हा सभेचा भाग मी आमच्या शिपाई मामांना ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दाखवला. दुपारची वेळ, वेचणीमुळं गाव रिकामं. मामांना इंग्रजी येत नाही, म्हणजे सबटायटल त्यांच्या कामाचे नव्हते. प्रत्येक भाषेच्या सबटायटलचा रंग वेगळा आहे, तेवढं त्यांच्या लक्षात आलं.

"सायेब, हे कोन्या गावची सभा व्हय?"

"रोमानियाची, मामा."

"सरपंच कोनता?"

मी मेयर दाखवला. मामांनी चष्मा वर सरकवून पाहिलं.

"हाव, दिसूनच रायला. काईच बोलत नाई ना थो. आन हा मांगचा लाल तोंडाचा, हा इरोधी गटाचा." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "बाईले बोलूच देऊन नाई रायले बाप्पा." आणि मग, "सायेब, एवढे लोकं बोलून रायले, याचं प्रोसिडिंग कोन लिवून रायलं?"

मला सांगता आलं नाही. सतरा मिनिटं मामा जागेवरून उठले नाहीत, मध्ये दाखल्यासाठी आलेल्या एका पोराला त्यांनी हातानंच थांबवलं. स्लो म्हणणाऱ्या त्या बाईंना इथं आणायला पाहिजे होतं.

राडू जुडेबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. या सगळ्यांत हाच जास्त आचरट आणि मला वाटतं जास्त हुशार. त्याचा 'आफेरीम!' १८३५ मधला, घोड्यावरचा, कृष्णधवल, रोमा गुलामांवरचा, बर्लिनला दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालेला. पण मी सांगतोय तो २०२३ चा 'डू नॉट एक्स्पेक्ट टू मच फ्रॉम द एंड ऑफ द वर्ल्ड'. नाव तोंडात मावत नाही. अँजेला नावाची बाई दिवसभर बुखारेस्टमध्ये गाडी हाणत फिरते, झोप नाही, जेवण नाही. काम काय, तर एका ऑस्ट्रियन कंपनीला कामगार सुरक्षेची फिल्म करायची आहे, त्यासाठी कामावर जखमी झालेल्यांच्या मुलाखती गोळा करायच्या. शेवटी एक जण निवडला जातो, व्हीलचेअरवरचा. त्याला त्याच्या कुटुंबासकट अपघाताच्या जागेपाशी बसवतात आणि कॅमेरा सुरू होतो. अर्ध्या तासाच्या वर एकच शॉट. तो आपली हकिकत सांगतो. मग पुन्हा सांगा, हे वाक्य नको. पुन्हा. त्या गोष्टीचा उल्लेख टाळा. पुन्हा. पाऊस येतो. आणि शेवटी तर त्यानं काही बोलायचंच नाही असं ठरतं. हातात हिरवे कोरे कागद धरायचे, त्यावर काय लिहायचं ते कंपनी नंतर पाहील.

मी लाभार्थ्यांच्या यशोगाथा केलेल्या आहेत. म्हणजे वरून निरोप येतो, घरकुलाचा एक चांगला लाभार्थी पाहा, उद्या व्हिडिओवाले येतील. मी एक काकाजी निवडले. सज्जन माणूस, कधी तक्रार नाही. व्हिडिओवाल्या पोरानं त्यांना नव्या घरासमोर उभं केलं, मग डावीकडे सरकवलं, कारण उजवीकडची भिंत बिनाप्लास्टरची होती. सदरा बदलायला लावला. काकाजी बोलायला लागले, "घर झालं, चांगलं झालं, पन शेवटच्या हप्त्याले लय टाईम लागला." कट. काकाजी, हप्त्याचं राहू द्या. पुन्हा. "घर झालं, चांगलं झालं, पन पोराच्या लग्नाचे पैसे यात..." कट. शेवटी पोरगा म्हणाला, तुम्ही फक्त हसा, आवाज आम्ही टाकतो. काकाजी हसले. फार सुंदर हसले. तो व्हिडिओ कुठल्याशा कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर दाखवला म्हणतात, आम्हांला दोघांनाही बोलावणं नव्हतं.

जुडेचा तो शेवटचा शॉट मी दोनदा थांबवून पाहिला. त्या व्हीलचेअरवरच्या माणसाच्या जागी मला कोण दिसत होतं ते सांगायला नको. याच सिनेमात मध्येच रस्त्याकडेच्या क्रॉसांची मालिका येते. एका रस्त्यावर अपघातात मेलेल्यांच्या नावाचे इतके क्रॉस आहेत की संपता संपत नाहीत, आणि तेवढा वेळ जुडे आवाजच बंद करतो. हसवता हसवता हा माणूस असा कुठे नेऊन उभा करतो.

सगळंच मला आवडलं असं समजू नका. २०१८ ला बर्लिनचं गोल्डन बेअर मिळालेला 'टच मी नॉट' मी अर्ध्यावर सोडला. त्यातली माणसं शरीराबद्दल बोलतात आणि मला सारखं वाटत राहिलं की यांना दुसरं काही काम नाही का. पुयूचा 'सिएरानेवाडा' जवळपास तीन तासांचा. बाप मेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवशी सगळं खानदान एका फ्लॅटमध्ये जमलंय, टेबल मांडलंय, पण पाद्री येईपर्यंत आणि विधी होईपर्यंत जेवायला मिळत नाही, तोवर घराघरात होतात ती सगळी भांडणं. तेरवीला पंगत खोळंबलेली ज्यानं पाहिली त्याला हा सिनेमा विनोदी वाटेल. मला वाटला. पण शेवटचा तास मीही मोबाईल पाहत काढला. मुंजिऊचा 'ग्रॅज्युएशन' मात्र घरात मुलगी बारावीला असणाऱ्या प्रत्येक बापानं पाहावा, बायकोसोबत पाहू नये.

कुठून सुरुवात करावी असं दोघा-तिघांनी विचारलंय. पोरुम्बोयूचा '१२:०८ ईस्ट ऑफ बुखारेस्ट' आधी पाहा. छोटा आहे आणि हसवतो. वास्लुई नावाच्या आडवळणाच्या शहरातल्या टीव्हीवर चर्चा रंगते की आपल्या गावात क्रांती झाली होती का, म्हणजे चाउशेस्कू पळाला त्याच्या आधी चौकात कोणी उतरलं होतं का नंतर उतरलं. पाहुणे दोन, एक दारुडा मास्तर आणि एक नाताळबाबा होणारा म्हातारा, जो चर्चेत कागदाच्या होड्या करत बसतो. मग 'आर.एम.एन.', मग जुडे. 'लाझारेस्कू' सुट्टीच्या दिवशी दुपारी पाहा, आणि घरातलं कोणी दवाखान्यात असेल तर तूर्त पाहू नका. मुरेशानूचा अजून सापडत नाही, सापडला की इथं सांगतो. मामांनी तिकडची अजून एखादी सभा असली तर ठेवा म्हणून सांगितलंय.